ठिय्या की फिरतं आंदोलन?

सरकारविरोधात उतरायचं ठरलं की एकाच जागी बसायचं की जागा बदलत राहायचं, यावर कार्यकर्त्यांत हमखास दोन तट पडतात. हाँगकाँगने दोन्ही करून पाहिलंय.

टिकाव: 2014 मध्ये ॲडमिरल्टी या सरकारी कचेऱ्यांच्या भागासह तीन ठिकाणी ठिय्या होता, तो 79 दिवस चालला. तंबू, विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची टेबलं, मिरपूड-फवारा अडवायला छत्र्या. पण सरकार नुसतं थांबून राहिलं. टॅक्सी-मिनीबसवाले कोर्टात गेले, मनाई हुकूम आले, डिसेंबरात रस्ते मोकळे झाले. हाँगकाँगचा प्रमुख खुल्या निवडणुकीने निवडायची मागणी होती तिथेच राहिली. एका जागी बसलेल्यांना दमवणं सोपं जातं, हे मला यातून सर्वांत जास्त खटकतं.

पोलिसांची पकड: 2019 मध्ये गर्दी टेलिग्रामवर ठरवून मेट्रोने आज इथे, उद्या तिथे जायची. ठरलेला नेता नाही, त्यामुळे कुणाला उचललं तरी आंदोलन थांबत नव्हतं. आरोपींना खटल्यासाठी चीनकडे सोपवू देणारं प्रत्यार्पण विधेयक सरकारला मागे घ्यावंच लागलं. मात्र बोलणी करायची कुणी, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

किंमत: फिरत्या आंदोलनात जबर. 10,000 हून जास्त अटका, ऑक्टोबरात मास्कबंदी आणि 2020 मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा. त्यानंतर रस्ते रिकामे झाले.

नवखे लोक जोडायचे, मागणी समजावून सांगायची, तर ठिय्या बरा. एखादं विधेयक ठरल्या मुदतीत अडवायचं असेल, तर फिरतं आंदोलन. पण पकडलेल्यांसाठी वकील आणि निधी आधीच उभा हवा.