टू-इन-वन की सुटा डेक : नोकरीत घेतलेल्या संचांपैकी कोणता दुरुस्त करून ठेवावा?

सोलापुरात निवृत्त सैनिकांच्या घरी गेले की दोनपैकी एका प्रकारचा स्टिरिओ अजूनही कपाटावर किंवा माळ्यावर दिसतो. पहिला प्रकार म्हणजे परदेशातील नेमणुकीवरून आणलेला जपानी टू-इन-वन, ज्यात रेडिओ, कॅसेट आणि दोन्ही स्पीकर एकाच पेटीत असतात. दुसरा म्हणजे ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक (फक्त कॅसेट वाजवणारे यंत्र) आणि स्पीकरची जोडी असा सुटा संच, जो बहुधा भारतीय बनावटीचा असतो आणि सुट्टीवर येताना दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला असतो. काहींच्या घरी दोन्ही आहेत, आणि निवृत्तीनंतर जागा, पैसा आणि चांगला कारागीर या तिन्ही गोष्टी मोजक्या असल्याने त्यांतील कोणता दुरुस्त करून वापरात ठेवावा, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. माझ्याकडे दोन्ही होते आणि मी त्यांतून एक निवडला. त्या निवडीमागचा विचार येथे मांडतो आहे. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी तो खोटा मानू नये, कारण एकाच वर्षी बनलेले दोन संचदेखील पुढे सारखे वागत नाहीत.

आपल्याकडे हे टू-इन-वन इतक्या संख्येने का आले, हे नव्या पिढीला सहसा ठाऊक नसते. श्रीलंकेने १९७७ मध्ये आयात मोठ्या प्रमाणावर खुली केली, तर आपल्याकडे त्या काळी आणि पुढेही काही वर्षे परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जबर आयातशुल्क होते. त्यामुळे जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्या आणि मार्च १९९० पर्यंत टप्प्याटप्प्याने परतलेल्या जवानांना, जी वस्तू गावी केवळ ऐकून माहीत होती, ती तेथील बाजारात समोर मांडलेली दिसली. पुढे कंबोडिया आणि सोमालियाच्या संयुक्त राष्ट्र मोहिमांवर गेलेल्यांचीही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांनी लष्करी भांडारांतून सान्सुई, पायोनियर आणि अकाई यांचे अवजड रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र) आणि रीळाचे टेप घेऊन ते जहाजाने घरी पाठवले होते. त्यामागचे कारणही हेच होते, की हातात नियमित पगार, खर्चाला फारशी जागा नाही आणि समोर देशातील भावापेक्षा स्वस्त जपानी माल. फरक इतकाच की आपल्या जवानाला ती वस्तू स्वतःच्या ट्रंकेत, होल्डॉलच्या शेजारी ठेवून रेल्वेच्या डब्यातून आणावी लागे, आणि म्हणूनच आपल्याकडे रिसीव्हरऐवजी मूठ धरून उचलता येणारी पेटी आली.

टू-इन-वनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून सांगतो. तो मोठ्या सेलवर चालतो. ज्यांनी बॅरेकमध्ये किंवा पुढच्या चौकीवर रात्री रेडिओ ऐकला आहे, आणि ज्यांनी नंतर सोलापुरात भारनियमनाची वर्षे काढली आहेत, त्यांना या एका गुणाची किंमत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय बदलीच्या नोकरीत एकाच वस्तूची काळजी घ्यावी लागते. दोन सोलापुरी चादरींत गुंडाळलेली पेटी काळ्या ट्रंकेत बसली की पुढच्या स्टेशनापर्यंत चिंता नसे. सुट्या संचाचे स्पीकर मात्र प्रत्येक बदलीत घरातील माणसांशी जागेसाठी भांडत.

त्याचा आणखी एक गुण तांत्रिक आहे आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. बऱ्याच कुटुंबांनी त्या काळी या पेटीतल्याच मायक्रोफोनवर घरच्यांचे आवाज भरून ठेवले. आईचे बोलणे, मुलांच्या कविता, बारशाच्या दिवशीचा गोंधळ असे सारे त्यात असते. फितीवर आवाज लिहिणाऱ्या हेडचा कोन प्रत्येक यंत्रात किंचित वेगळा असतो. ज्या कोनाने आवाज भरला गेला, त्याच कोनाच्या हेडने तो वाचला तर तो स्वच्छ येतो, नाहीतर वरचे स्वर बोथट होतात आणि माणूस तोंडावर कापड धरून बोलत असल्यासारखे वाटते. म्हणून त्या पेटीवर भरलेली कॅसेट त्याच पेटीवर सर्वांत चांगली वाजण्याचा संभव असतो. ज्यांच्याकडे अशा कॅसेट आहेत त्यांनी टू-इन-वन मोडीत काढण्याची घाई अजिबात करू नये.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला त्याकडे येतो. तो त्रास म्हणजे बेल्ट.

कॅसेट फिरवणाऱ्या मोटरपासून चाकापर्यंत गती नेणारा रबरी बेल्ट दोन्ही प्रकारांत असतो आणि दोन्हींत तो कधीतरी सैल पडतोच. सोलापूरचा उन्हाळा त्याला लवकर म्हातारा करतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो तेव्हा पत्र्याच्या किंवा धाब्याच्या घरात माळ्याजवळ काय तापमान असेल, याची कल्पना करावी. काही बेल्ट नुसते ताणले जातात, तर काही विरघळून डांबरासारखे होतात आणि चाकाला व मोटरच्या कप्पीला चिकटून बसतात. आधी गाणे किंचित जड होते, मग स्वर हेलकावे घेऊ लागतो. पुढची पायरी अधिक धोक्याची असते. फीत पुढे ढकलणारा दांडा फिरत राहतो, पण ती गुंडाळून घेणारे चाक थांबते, आणि फीत यंत्राच्या पोटात उतरून गुंतते. अभंगांची विकतची कॅसेट अशी गेली तर दुसरी मिळू शकते. वडिलांचा आवाज असलेली कॅसेट गेली तर काही करता येत नाही.

बेल्ट स्वतः स्वस्त असतो आणि जाडी व घेर मोजून नेला तर मिळतोही. अडचण तेथपर्यंत पोहोचण्याची आहे. माझ्या टू-इन-वनमध्ये मागचे झाकण काढताना एरियलची तार, सेलच्या खणाची तार आणि दोन्ही स्पीकरच्या तारा सोडवाव्या लागत. त्यानंतर रेडिओची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, उचलावी लागे, कारण कॅसेटचे मेकॅनिझम तिच्या खाली होते. ती पाटी उचलली की डायलचा दोरा सुटे. स्टेशन लावण्याचा काटा ज्या बारीक दोऱ्यावर सरकतो, तो दोरा कप्प्यांवरून विशिष्ट वळणांनी आणि एका छोट्या स्प्रिंगच्या ताणावर बसवलेला असतो. एकदा निसटला की तो परत ओवणे हे डोळ्यांची आणि संयमाची परीक्षा घेणारे काम आहे. बेल्ट बदलण्याच्या प्रत्येक खेपेला रेडिओही बिघडवून पुन्हा जुळवावा लागे, आणि तीसेक वर्षांच्या उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकच्या खाचांपैकी एखादी दर वेळी तुटे. नवी पेठेतल्या ज्या कारागिराकडे मी जात असे, तो सज्जन आणि हाताचा पक्का माणूस होता. त्यानेच मला सांगितले की मजुरी बेल्टची नसून दोऱ्याची आहे. त्या काळात घरात कॅसेटही नाही आणि रेडिओही नाही, सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्याही नाहीत, कारण सगळे एकाच पेटीत आणि पेटी दुकानात.

सुट्या संचात हा त्रास संपत नाही, पण तो एका जागी थांबतो. डेकचा बेल्ट गेला की फक्त डेक दुरुस्तीला जातो आणि ॲम्प्लिफायर व स्पीकर घरी वाजत राहतात. डेकचे वरचे पत्र्याचे झाकण चार-सहा स्क्रूंनी निघते आणि बहुतेक डेकमध्ये मेकॅनिझम डोळ्यांसमोर येते. काही डेकमध्ये पुढची पट्टीही सोडवावी लागते, त्यामुळे हे सरसकट खरे मानू नये, परंतु डायलचा दोरा मात्र मध्ये येत नाही. माझ्या सुट्या डेकचा बेल्ट मी स्वतः घरी बदलतो. स्पिरिटने चाके पुसतो, हेड आणि पिंच रोलर (फीत दांड्यावर दाबून धरणारे रबरी चाक) त्याच वेळी स्वच्छ करतो, आणि संध्याकाळपर्यंत संच पुन्हा जागेवर असतो. टू-इन-वनच्या बाबतीत हे धाडस मी कधी केले नाही.

सुट्या संचालाही त्याची दुखणी आहेत आणि ती लपवणे बरोबर होणार नाही. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी असेल तर ती आपल्या हवेत भुसभुशीत होऊन गळते, आणि ती बदलणारा माणूस शोधावा लागतो. कापडी किंवा रबरी कड असेल तर हा प्रश्न बराच कमी होतो, म्हणून विकत घेताना समोरची जाळी काढून बोटाने हळूच दाबून पाहावे. ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणात खरखर येते, पण ती कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. त्यातील मोठे कपॅसिटर जुने झाल्यावर बदलावे लागतात. तारांचे जंजाळ असते आणि घरातील सर्वांनाच ते आवडते असे नाही. आणि वीज गेली की संपूर्ण संच गप्प होतो.

आवाजाबद्दल मी जपूनच बोलेन, कारण माझ्याकडे मोजण्याचे कोणतेही साधन नाही आणि कान वयाबरोबर बदलतात. टू-इन-वनचा आवाज लहान खोलीत आणि जवळून ऐकायला गोड वाटतो. निवेदकाचा किंवा कीर्तनकाराचा आवाज त्यावर मला अधिक आपलासा वाटतो, हेही मान्य करतो. परंतु दोन्ही स्पीकर हातभर अंतरावर, एकाच पेटीत अडकलेले असल्याने डावे-उजवे असे फारसे वेगळे पडत नाही. सुटे स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांकडे सरकवून बसलो तेव्हा तबला एका बाजूने आणि हार्मोनियम दुसऱ्या बाजूने येताना प्रथमच ऐकली, आणि स्टिरिओ घेण्यासाठी पैसे का साठवले होते ते त्या वेळी पटले. त्या काळी कोलकात्याच्या सोनोडाईनचे किंवा मुंबईच्या कॉस्मिकचे संच घेणाऱ्या माझ्या बरोबरीच्या अनेकांना परदेशी मालापुढे आपले संच उणे आहेत असे वाटे. मला स्वतःला तसे वाटत नाही. विशेषतः त्यांच्या ॲम्प्लिफायरमधील बहुतेक सुटे भाग येथील बाजारात सहज जुळवता येतात, आणि जुन्या संचाच्या बाबतीत हा गुण नावापेक्षा मोठा आहे.

हल्ली काही मित्र परदेशी सैनिकांनी वापरलेले जुने जपानी संच ऑनलाइन पाहून मागवू लागले आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लष्करी भांडारांसाठी बनवलेल्या अनेक संचांच्या मागे व्होल्टेज बदलण्याची सोय असे, कारण सैनिक आज एका देशात तर उद्या दुसऱ्या देशात असे. परंतु केवळ जपानच्या बाजारासाठी बनलेला संच १०० व्होल्टचा असतो आणि तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. त्याच्या रेडिओचीही अडचण असते, कारण जपानी एफएम पट्टा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंत असे आणि आपली केंद्रे ८८ ते १०८ च्या दरम्यान आहेत. त्यामुळे बहुतेक केंद्रे त्यावर लागतच नाहीत. अमेरिकेतील टर्नटेबल (तबकडी वाजवणारे यंत्र) किंवा रीळाचा टेप घेणाऱ्याने ट्रान्सफॉर्मरवर निश्चिंत राहू नये. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारिता नाही. तेथे ती ६० हर्ट्झ आणि येथे ५०, म्हणून वारंवारितेवर चालणारी मोटर आपल्याकडे जवळजवळ एक-षष्ठांश हळू फिरते आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज पुरुषी होतो. त्यासाठी कप्पी बदलावी लागते. श्रीलंकेतून आणलेल्या संचांना ही कोणतीच अडचण येत नाही, कारण तेथील वीज आपल्यासारखीच आहे.

दोन्ही प्रकारांसाठी एक स्थानिक सूचना आहे. संचावर टॉवेल किंवा चादर टाकून ठेवू नये. आपल्या शहरात सुती तंतूंची कमतरता नाही, विशेषतः पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरी, आणि तो तंतू कॅसेटच्या दारातून आत जाऊन पिंच रोलरवर गोळा होतो. गुळगुळीत, तंतू न सुटणारे कापड वापरावे.

ज्याला केवळ रेडिओ ऐकायचा आहे आणि कधीतरी एखादी कॅसेट लावायची आहे, त्याने चालू स्थितीतील टू-इन-वन उगाच बदलू नये. पण बंद पडलेल्या दोन संचांपैकी एकावर पैसे घालायचे असतील, तर मी सुट्या संचाकडे झुकतो. त्याच्या ॲम्प्लिफायरला आजचा मोबाईलदेखील जोडता येतो. मागे पाच पिनांचे गोल सॉकेट असले तरी त्याची जोडणी बाजारात मिळते, आणि मग डेक महिनाभर दुरुस्तीत राहिला तरी घर शांत होत नाही.

घरच्या आवाजांच्या कॅसेट असतील तर क्रम थोडा बदलावा. टू-इन-वन एकदा नीट दुरुस्त करून घ्यावा, नवा बेल्ट घातल्यावर आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवून गुंडाळणारे चाक नीट फिरते का ते पाहावे, आणि त्यानंतरच घरच्या कॅसेट लावून त्यांचा आवाज हेडफोनच्या सॉकेटमधून संगणकात उतरवून घ्यावा. कॅसेटमधील फीत दाबणारी छोटी लोकराची गादी निखळली आहे का, हे त्याआधी पाहावे. निखळली असेल तर एखाद्या फुटक्या, स्क्रू असलेल्या कॅसेटमधून ती काढून बसवता येते. नव्वद मिनिटांपेक्षा मोठ्या कॅसेटची फीत पातळ असते, म्हणून ती वेगाने पुढे-मागे न करता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजू द्यावी. हे काम मार्चपूर्वी, थंडीच्या दिवसांत उरकावे.