मुलाला पाठीवर बसवायची सॅक : आत बसणाऱ्याच्या बाजूने

या सॅकबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं उचलणाऱ्याच्या तोंडून. खांदे दुखले का, कंबर भरून आली का, पाठीला घाम किती आला. आत जो बसतो त्याला धड बोलता येत नाही, म्हणून त्याचं मत कुणी विचारत नाही. आमचा धाकटा दीड वर्षाचा. या उन्हाळ्यात डोंगरावर गेलो की तो बहुतेक वेळ या सॅकमध्येच असायचा. त्यामुळे हा अभिप्राय शक्य तितका त्याच्या बाजूने लिहितेय. उचलणारे आम्ही दोघं आहोतच, आमचंही मध्ये मध्ये येईल.

मी पिशव्या आणि सॅक शिवते, तोच माझा व्यवसाय. त्यामुळे नवीन सॅक हातात आली की आधी ती उलटी करून आतली शिवण बघायची सवय आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण बऱ्या दर्जाच्या सगळ्या सॅकची ठेवण जवळपास सारखीच असते. अॅल्युमिनियमची चौकट, खांद्याचे पट्टे, जाड कमरपट्टा, मध्ये मुलाची बैठक, खाली उघडणारा टेकू आणि वर सावलीचं छप्पर. रिकामी असतानाच साडेतीन किलोच्या आसपास भरते.

बैठकीपासून सुरुवात करते, कारण खरी परीक्षा तिथे आहे. मूल बसल्यावर त्याची हनुवटी समोरच्या मऊ पॅडच्या वर आली पाहिजे, नाक पॅडमध्ये खुपसलेलं नको. बैठक वरखाली करता येते आणि ती करायलाच हवी. दुकानात लावून दिलेल्या मापावर मूल बसवून निघू नका. दुसरी गोष्ट मांड्यांची. मांड्या साधारण आडव्या, गुडघे वाकलेले आणि पावलं रिकिबीत टेकलेली, असं बसलं तर मुलाचा भार बुडावर आणि पावलांवर वाटला जातो. पाय नुसते लोंबकळत राहिले की बैठकीची कड मांडीच्या आतल्या बाजूला रुतते आणि पायांना मुंग्या येतात. आता दीड वर्षाचं पोर ‘मला मुंग्या आल्या’ असं थोडंच सांगणार? ते टोपी काढून फेकतं. आपण टोपी उचलून पुन्हा घालतो, ते पुन्हा फेकतं आणि मग आपण म्हणतो की आज फारच किरकिर करतोय. आमच्याकडे टोपी दुसऱ्यांदा उडाली की थांबायचं, त्याला बाहेर काढून गवतावर सोडायचं, असा नियमच झालाय. दहा मिनिटं धावून आला की गडी खुशीत परत बसतो.

याच रिकिबीबद्दल माझी पहिली तक्रार आहे. रिकिबीचा पट्टा अरुंद, गुळगुळीत नायलॉनचा आणि तो ज्या बकलातून ओवलाय त्याचे दात उथळ. खांद्याच्या पट्ट्यावर सतत ताण असतो, म्हणून तिथे असं बकल पकड धरून राहतं. रिकिबीवर मात्र ताण येतो आणि जातो, कारण मूल लाथा झाडत असतं. प्रत्येक झटक्याला पट्टा कणभर सरकतो. चढ संपेपर्यंत रिकीब दोन बोटं खाली गेलेली असते आणि पावलं पुन्हा अधांतरी. मी माप पक्कं करून पट्ट्याला बकलाच्या मागे घडी घातली आणि सुईने चार टाके मारले. मूल वाढलं की उसवायचे आणि पुढे मारायचे. पण एवढी महागडी वस्तू घेतल्यावर हे काम गिऱ्हाइकाने का करावं?

मुलाला धरून ठेवणारे पट्टे मात्र उत्तम. दोन्ही खांद्यांवरून येऊन छातीवर जुळतात, सहज उघडत नाहीत, आणि जिथे जोराचा ताण येतो तिथे आडवी दाट शिलाई आहे, दोरा कुठेही सुटलेला नाही. पाय बाहेर येतात त्या भोकांकडेही बघा. लहान चणीचं मूल तिथून निसटू शकतं. 2016 साली अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीला याच कारणासाठी अशा सॅक परत मागवण्याची सूचना काढावी लागली होती, आणि बैठकीत घालायचा जादा पॅड फुकट द्यावा लागला होता. म्हणून मूल बारीक असेल तर मांडीभोवतीची जागा आवळून घ्या. आणि ज्या मुलाला अजून आधाराशिवाय बसता येत नाही त्याला यात घालूच नका, मान धरली तेवढ्याने भागत नाही.

आता थंडीबद्दल. उन्हाळ्यात थंडी कसली, असं आमच्या घरातही म्हणून झालं. उंची दर 1000 मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे पायथ्यापासून 900 मीटर चढून धारेवर पोचलात तर जवळजवळ सहा अंश गेले, वर वारा वेगळा. उचलणाऱ्याला हे कळत नाही, कारण तो वीस किलोच्या आसपास ओझं घेऊन चढत असतो आणि घामाने निथळत असतो. मूल मात्र एका जागी बसलेलं असतं. त्याच्या अंगात चालण्याची ऊब नाही, आणि ते बसलंय सगळ्यात उंच, वाऱ्याच्या तोंडावर.

“अगं, केवढं उकडतंय, त्याचा स्वेटर काढ की,” नवरा.

“तुला उकडतंय. त्याच्या पोटऱ्यांना हात लावून बघ.”

पोटऱ्या गार होत्या. कारण साधं आहे, बसलं की पँट वर सरकते आणि मोजा खाली. मधला चार बोटांचा पट्टा उघडा राहतो आणि वारा नेमका तिथे लागतो. गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला, प्रश्न मिटला. मुलाला गरम होतंय की गार, हे हाताच्या तळव्यावरून ठरवू नये. मानेच्या मागे, कपड्याच्या आत बोट घालून बघावं.

सावलीचं छप्पर ही माझी दुसरी तक्रार. कापड चांगलं, शिवण नेटकी, पण हे छप्पर फक्त डोक्यावरचं ऊन अडवतं. आपण डोंगर चढतो सकाळी, उतरतो दुपार कलल्यावर, आणि दोन्ही वेळेला ऊन बाजूने येतं. शिवाय उंची वाढली की अतिनील किरणंही वाढतात, दर 1000 मीटरला अंदाजे 10 टक्के, आणि ती नुसती सूर्याकडून सरळ येत नाहीत, आभाळातून आणि उजळ खडकांवरूनही येतात. हवा गार असल्यामुळे भाजतंय हे जाणवत नाही, ते संध्याकाळी लाल गालांवरून कळतं. म्हणजे छप्पर असूनही काठाची टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन लागतंच. मग छपराचा उपयोग काय? मूल झोपल्यावर डोळ्यांवर ऊन येत नाही, हा. तेवढ्यापुरतं ते छान आहे. धारेवर जोराचा वारा लागला की मात्र ते फडफडतं आणि शिडासारखं ओढायला लागतं. अशा वेळी सरळ मिटून ठेवावं.

उचलणाऱ्याकडे येते. या सॅकचे पूर्ण गुण कमरपट्ट्याला. रुंद आहे, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर नीट बसतो आणि एकदा आवळला की सैल होत नाही. पाठीची लांबी जुळवण्याची सोय आहे, आणि आमच्यासारख्या जोडप्याला तीच सगळ्यात महत्त्वाची. नवरा माझ्यापेक्षा चांगलाच उंच. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतचं अंतर, हे माप. दोघांचं माप घरीच काढून मी चौकटीच्या पट्टीवर दोन रंगांचे धागे बांधलेत. वाटेत अदलाबदल करताना मूल झोपलेलं असलं तरी धाग्यापर्यंत सरकवायचं आणि निघायचं. आधी कमरपट्टा, मग खांदे, शेवटी छातीची पट्टी, याच क्रमाने आवळा. उलट केलंत तर सगळं ओझं खांद्यांवर येतं.

ओझ्याचा हिशेब मात्र निघायच्या आधीच करा. आमचा धाकटा अकरा किलोचा, सॅक साडेतीन, दोन लिटर पाण्याचे दोन किलो, त्याचे कपडे, डायपर आणि बाकीचा पसारा धरून आणखी दोन. झाले साडेअठरा. पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच ओझं घ्यावं असं गिर्यारोहक सांगतात. त्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाने बारा किलो उचलायचे. मी त्या साठ किलोंच्या जवळपासची, म्हणून पाणी आणि कपडे नेहमी दुसऱ्याच्या पाठीवर. कंपनीने लिहिलेली वजनाची मर्यादा ही सॅकची असते, तुमच्या गुडघ्यांची नव्हे.

वेळेचंही तसंच. 1892 मध्ये नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरतात. सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास जादा. त्याच्या पाठीवर लाथा झाडणारं पोर नव्हतं. आम्ही त्याच्या उत्तराला सरळ दोनाने गुणतो आणि तरीही कधीकधी उशीरच होतो. गंमत म्हणजे थोरली आठ वर्षांची, ती आता बापाच्या पुढे धावते आणि वळणावर उभी राहून आम्हाला हाका मारते. या सॅकमुळे तिची पंचाईत झालीय, तिला आमच्या चालीने चालावं लागतं. म्हणून वाट निवडताना मध्ये तिच्यासाठी ओढा किंवा चढायला सोपा कातळ असेल असं बघतो. धाकटा गवतावर सुटलेला असतो तेव्हा ती कातळावर.

चालताना एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. मुलाचं डोकं आपल्या डोक्याच्या बरोबरीने, कधी वरही असतं. फांदी आपल्याला लागली नाही म्हणजे त्यालाही लागली नाही, असं नसतं. आणि खाली पडलेली वस्तू उचलायला कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. वाकलात तर मूल तुमच्या डोक्यावरून पुढे झुकतं. उतारावर दोन काठ्या हव्यातच. पाठीवरचा हा भार निर्जीव नाही, मागे फुलपाखरू दिसलं की तो झटकन एका बाजूला कलंडतो, आणि नेमकं तेव्हाच आपलं पाऊल सुट्या दगडांवर असतं. ओढ्याला घोट्याच्या वर जोराचं पाणी असेल तर मूल पाठीवर घेऊन आम्ही उतरत नाही, परत फिरतो.

टेकूबद्दल जाहिरातीत फार कौतुक असतं. खटका पक्का बसतो, पाया रुंद आहे, हे सगळं खरं, पण हा टेकू सपाट जमिनीसाठी आहे आणि डोंगरावर सपाट जमीन कुठे मिळते? मूल आत बसलेलं असताना सॅक जमिनीवर उभी करून दोन पावलंसुद्धा लांब जायचं नाही. त्याने पुढे अंग टाकलं की सगळंच उलटं होतं. आमच्याकडे एकाने पट्टे सोडवायचे आणि दुसऱ्याने चौकट धरायची. तिसऱ्या माणसाने फोटो काढायचा असतो, तो थांबू शकतो.

झोपलेल्या मुलाची मान एका बाजूला लोंबते, हा या सगळ्याच सॅकचा दोष. उचलणाऱ्याला ते दिसत नाही. मागून चालणाऱ्याने सांगायचं, किंवा खिशात छोटा आरसा ठेवायचा. आम्ही समोरच्या पॅडवर पातळ रुमालाची गुंडाळी ठेवतो, त्यावर गाल टेकतो. तोंडाजवळ सैल कापड मात्र येऊ देत नाही.

खिसे भरपूर, त्यातले निम्मे पाठीवर असताना हाताला येत नाहीत. रंग मळखाऊ. समोरचा पॅड काढून धुता येतो ही मोठी सोय, कारण लाळ, माती आणि चुरा सगळं तिथेच साठतं. तळाच्या कप्प्याच्या चेनचा रनर माती गेल्यावर अडतो, जुन्या टूथब्रशने दात साफ केले की पुन्हा चालतो.

घ्यावी का? मूल नीट बसायला लागल्यापासून साधारण तीन वर्षांचं होईपर्यंत तिचा उपयोग. त्यानंतर ते वजनालाही जड होतं आणि आत बसायलाही तयार नसतं. महिन्यातून एकदा तरी डोंगरावर जाणार असाल तर घ्या, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी जाणार असाल तर भाड्याने आणा. वापरलेली घ्यायलाही हरकत नाही, फक्त आधी खांद्याचा पट्टा चौकटीला जिथे जोडलाय तिथला दोरा नखाने खरवडून बघा, भुसा निघाला तर सोडून द्या. पट्टे उन्हाने फिके आणि कडक झाले असतील तर नायलॉन कमजोर झालेलं असतं, वरून कितीही स्वच्छ दिसो. प्रत्येक बकल दहा वेळा लावून सोडून बघा. एक दात जरी तुटलेला असला तरी बकल बदलून घ्या, कुठलाही पिशव्या शिवणारा पाच मिनिटांत बसवून देईल. मुलाला धरणारा पट्टा उसवलेला असेल तर मात्र कोणाकडूनही शिवून घेऊ नका, माझ्याकडूनही नाही. ती शिलाई कारखान्यात वजन लावून तपासलेली असते.