मातीचा गल्ला की पोस्टाचं खातं?

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर मी मातीचा गल्लाच निवडेन. नाणं पडल्याचा आवाज, हाताला जाणवणारं वाढतं वजन आणि दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांनी मिळून तो फोडून चटईवर एक, दोन, पाच, दहाच्या नाण्यांचे ढीग लावणं. पैसा साठतो म्हणजे काय, ते बोटांना कळतं. आजीने मोजताना मुद्दाम चुकावं, नातवाने ते पकडावं!

पण गल्ल्यातले १०० रुपये वर्षभराने १००च राहतात. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं, वर्षाला ४ टक्के व्याज मिळतं आणि १० वर्षांवरचं मूल ते स्वतःच्या नावाने चालवू शकतं. म्हणून फोडलेल्या गल्ल्याचे पैसे घेऊन मुलासोबतच पोस्टात जा. स्लिप त्यालाच भरू द्या.