जाळीचं रायडिंग जॅकेट: नाशिक ते पोखरा, आणि पुढचे महिने

फेब्रुवारीत घेतलेलं हे जॅकेट आता पावसाळा संपत आला तरी अंगावर आहे. रोज नाशिकरोडहून अंबडला, सुट्टीला वणीकडे नाहीतर कसाऱ्याचा घाट, आणि मे महिन्यात इंदूर, झाशी, लखनौ, गोरखपूर करत सोनौलीवरून थेट नेपाळ. कंपनीचं नाव लिहीत नाही; आठ-नऊ हजारांतली जाळीची जॅकेटं थोड्याफार फरकाने अशीच असतात. छाती-पाठीला जाळी, खांद्या-कोपरांवर जाड पॉलिएस्टर, आत काढता येणारं पावसाचं अस्तर.

दुकानात सगळे एकच सांगतात, "उन्हाळा आहे ना, मग जाळीच घ्या, वारा लागतो." बरोबर आहे, पण एका ठरावीक तापमानापर्यंतच, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहितोय.

पहाटे नाशिक सोडलं. राहुड घाट अंधारातच पार झाला, धुळ्याला नाश्ता, मग सेंधव्याचा बिजासन घाट. खलघाटला नर्मदा ओलांडेपर्यंत जॅकेट अंगावर आहे हे जाणवलंसुद्धा नाही. खरी परीक्षा पुढे, गुना-शिवपुरी-झाशी पट्ट्यात. दुपारी पारा ४३-४४ वर. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. त्याहून गरम झाली की तोच वारा उष्णता आत ओततो. ८० च्या वेगात जाळीतून भट्टीचा झोत छातीवर येतो. घाम येतो, पण अंगावर टिकत नाही, क्षणात उडतो. त्यामुळे अंग कोरडं लागतं आणि किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. डोकं दुखायला लागलं की कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

यावर आम्हाला लागू पडलेला उपाय उलटा वाटेल. आत पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट पिळून न काढता ओला घालायचा, गळ्याला ओला पंचा, आणि जाळीच्या जॅकेटवर पातळ विंडचीटर. गळा आणि मनगटं किंचित उघडी. नुसत्या जाळीखाली ओला टी-शर्ट बघता बघता खडखडीत वाळतो. वरून वारा अडवला की पाणी हळूहळू उडतं आणि गारवा बराच वेळ पुरतो. ढाब्यावरच्या हातपंपाखाली उभं राहायचं आणि पुन्हा निघायचं. सोबत मीठ-साखरेचं पाणी हवंच. आमच्यातल्या एकाने लासलगावचा कांदाही खिशात ठेवला होता. त्याचा उपयोग झाशीला जेवताना झाला.

गोरखपूरच्या पुढे मात्र गणित बदललं. तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, पारा उतरला, ३६-३७ वर आला, पण हवा दमट. ओला टी-शर्ट ओलाच राहतो, गारवा शून्य. इथे घाम उडायला वाराच हवा, म्हणून विंडचीटर काढून सगळी जाळी मोकळी सोडली आणि जॅकेटचे पैसे वसूल झाले. अट एकच, गाडी चालती हवी. सोनौलीच्या वेशीवर ट्रकांच्या रांगेशेजारी थांबलो तेव्हा जाळी असो की नसो, सारखंच.

तिथेच याचा सगळ्यात मोठा दोष कळला. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, ओळखपत्र चालतं, पण गाडीसाठी भन्सारचा (नेपाळी सीमाशुल्काचा) कागद काढावा लागतो आणि तो वाटेत कुठेही मागतात. आतल्या खिशाला जलरोधक अस्तर नाही. घामाने आणि ओल्या टी-शर्टने कागद लगदा व्हायला आला, शिक्का पसरला. बुटवलला पोलिसाने उन्हात धरून वाचला, हसला, सोडलं. तेव्हापासून आरसी, लायसन, सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत. बुटवलनंतर सिद्धार्थ राजमार्ग चढायला लागतो, तानसेनच्या उंचीवर सकाळी हलकी थंडी होती आणि तेच जॅकेट अपुरं वाटलं.

सुरक्षेचं बोलायचं तर खांद्या-कोपरांना लेव्हल १ चे पॅड आहेत. ईएन १६२१-१ या युरोपीय मानकात लेव्हल १ ला आघाताचं सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोचलं तरी पास, लेव्हल २ ला मर्यादा २०. पाठीला मात्र नुसता फोमचा तुकडा, ज्याला कसलंच प्रमाणपत्र नाही. मी लेव्हल २ चा पॅड वेगळा घेऊन बसवला. त्याने पाठीचा वारा जवळपास बंद होतो, तरी तो काढणार नाही. कोपराचा पॅड फिरतो; घेताना हँडल धरायच्या पवित्र्यात हात वाकवून बघा, आरशासमोर ताठ उभं राहून मापं घेऊ नका.

पावसाचं अस्तर इगतपुरीत दोनदा वापरलं आणि कपाटात टाकलं. अस्तर आत असल्याने बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं, आत घामाची वाफ. सरळ वरून रेनकोट घाला. जुलैत डाव्या बगलेची शिवण उसवली. कंपनीने "पावसात वापरलंय" म्हणून वॉरंटी नाकारली. शालिमारजवळ बॅगा शिवणाऱ्या काकांनी नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारून दिली, ती अजून पक्की आहे.