वेगळा डॅक घ्यावा, की अ‍ॅम्प्लिफायरमधलाच पुरे?

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी या प्रश्नाशी येऊन थांबतो. डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग, म्हणजे स्पीकरला वाजवता येईल असा, सिग्नल करणारं सर्किट. मी दोन्ही प्रकारे भरपूर ऐकलं आहे. सध्या माझ्याकडे वेगळा डॅक आहे आणि मला तोच बरा वाटतो, पण ज्या कारणासाठी लोक तो घेतात त्यासाठी मी तो घेतलेला नाही.

आवाजाच्या दर्जाचं म्हणाल तर हल्लीच्या बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला डॅक सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्‌झला सहज पुरतो. एक सांभाळावं : कुठल्याही दोन डॅकची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. वेगळे डॅक बहुतेक 2 व्होल्टपर्यंत सिग्नल देतात, लॅपटॉपच्या आतला डॅक हेडफोनच्या भोकातून त्याहून कमी. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला हमखास 'खुलं' वाटतं. पातळी जुळवल्यावर मला तरी फरक खात्रीने सांगता आला नाही. तुमचे कान अधिक तयार असतील तर गोष्ट वेगळी.

मग वेगळा का घेतला? घरघरीमुळे. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी लॅपटॉप साध्या केबलने अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता. चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक घरघर, आणि माउस हलवला की तिच्यावर किर्रर्र. चार्जर काढला की सगळं शांत. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता. चार्जरचं अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग केबलच्या जाळीतून एकमेकांना भेटत होतं.

सिनेमाची गाणी लावली तर हे कळतही नाही. पण नाशिकलाच जन्मलेले शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर लावा आणि आलापाची सुरुवात ऐका. ध्वनिमुद्रणं जुनी, त्यांची स्वतःची खरखर आहेच; ती कुठलाही डॅक घालवणार नाही आणि तिची सवयही होते. विजेच्या घरघरीची मात्र होत नाही. ती 50 हर्ट्‌झची आणि त्याच्या पटीतली, तानपुरा गायकाच्या षड्जाला लावलेला. दोन न जुळणारे सूर एकाच वेळी कानावर पडले की पुढचं गाणं ऐकवत नाही. माझा निर्णय इथे झाला.

इथे घाई करू नका, कारण वेगळा डॅक म्हणजे घरघर गेली असं नाही. यूएसबीवर चालणारा डॅक लॅपटॉपचं अर्थिंग सोबत घेऊनच येतो, तेव्हा त्रास कधी जातो, कधी तसाच राहतो. खात्रीचा उपाय ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन यंत्रांची अर्थिंग भेटतच नाहीत. माझ्या लॅपटॉपला ऑप्टिकल नाही, म्हणून आता गाणी टीव्हीवरून वाजतात : टीव्हीच्या ऑप्टिकलमधून डॅक, तिथून अ‍ॅम्प्लिफायर. असा साधा डॅक हजार-दोन हजारांत मिळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर ठेवा, नाहीतर डॉल्बीचा सिग्नल साध्या डॅकला कळत नाही आणि तो मुका राहतो.

गैरसोय आहेच. अनेक टीव्हींच्या रिमोटने ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त होत नाही; अ‍ॅम्प्लिफायरला रिमोट नसेल तर दर वेळी उठावं लागतं. घरातली मंडळी कुरकुर करतात, आणि ती रास्त आहे. शिवाय एक डबा, एक अडॅप्टर, पाठीमागे वायरींचा आणखी गुंता.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर अजून घ्यायचा असेल, तर ऑप्टिकल इनपुट असलेलाच बघा. डॅक त्यातच येतो आणि मी सांगितलेला फायदा जास्तीचा डबा न घेता मिळतो. जुना, फक्त अ‍ॅनालॉग इनपुटचा अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि तो आवडत असेल, तर ऑप्टिकलचा साधा डॅक घ्या. महागड्याकडे वळण्याआधी आज रात्री रस्ता शांत झाला की चार्जर काढून आणि लावून एकच आलाप ऐका. दोन्ही वेळा सारखाच वाटला, तर ते पैसे मी स्पीकरमध्ये घालीन.