मे महिन्यातलं कामाचं शिबिर: मुलाला पाठवावं का?

आधीच सांगते, मूल सकाळभर कुठेतरी गुंतून राहावं एवढंच हवं असेल तर ड्रॉइंग क्लास बघा. मडगावजवळच्या आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये दर मे महिन्यात भरणारं हे शिबिर घाम काढतं. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. चर्च कॅथलिक, पण त्यावरून कुठे अडलं नाही. फी नाममात्र.

सुरुवात १ मेला, श्रमिक संत योसेफाच्या सणाला. कामगार दिनालाच हा सण १९५५मध्ये पोप बारावे पायस यांनी ठरवला. योसेफ सुतार, त्यामुळे पहिल्या दिवशी सुतारकाम. मेस्त्री कडक. रंधा नीट चालला नाही तर फळी परत हातात. कागदी फुलं, आइस्क्रीमच्या काड्या असला प्रकार नाही. मुलांनी केलेले पाट हॉलमध्येच वापरतात, म्हणून डुगडुगलेला पाट चालतच नाही.

मला सगळ्यात आवडली ती पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची तयारी. रातांबे फोडायचे, बिया-गर वेगळा काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रसात. दिवसेंदिवस तेच. आभाळ भरून आलं की खेळ टाकून सुपं आत न्यायला पळायचं. बियाही टाकत नाहीत, कोकमतेलासाठी वाळवतात. आमसुलं भागातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जातात, आणि पोहोचवायला मुलंच जातात.

एके दिवशी एक मुलगी काम संपता संपता आली, जेमतेम झाडलोट केली, तिलाही सगळ्यांसारखाच कटलेट-पाव मिळाला. आमचे चिरंजीव तापले: "मी सकाळपासून फोडतोय!" सिस्टरनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. पहाटे आलेल्याला आणि दिवस कलताना आलेल्याला धन्याने मजुरी सारखीच दिली. मग एवढंच विचारलं, "तुझ्या पावातलं काही कमी झालं का रे?" तात्पर्य सांगत बसल्या नाहीत. घरी येईपर्यंत हा माझ्याशी वाद घालत होता, तिची बस चुकली असेल तर काय, मुद्दाम उशिरा आली असेल तर काय.

आमच्याकडे संडे स्कूलमध्ये मुलांना बायबलमधल्या नीतिसूत्रांतली कष्टाळू मुंगी दाखवतात आणि "काम करायचं नसेल त्याने खाऊही नये" हे प्रेषित पौलाचं म्हणणं ऐकवतात. तोच पौल करिंथमध्ये स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. नुसता धाक घातला की मूल कोणी बघत असेल तेवढंच काम करतं.

म्हणूनच शेवटच्या दिवशी 'उत्कृष्ट कामकरी' म्हणून पदक दिलं ते मला मुळीच पटलं नाही. द्राक्षमळ्याची गोष्ट सांगायची आणि वर पदक लावायचं! आणखी एक तक्रार: सुरुवातीला रंधा मुलग्यांकडे आणि विळी मुलींकडे होती. आम्ही काही आया बोललो, तेव्हा पाळ्या लागल्या.

शिकवणं कोंकणीत, कागद रोमी लिपीतले. मराठी शाळेतल्या मुलांना ऐकून समजतं, वाचायला मात्र अडतं. नावनोंदणी ईस्टरनंतर चर्चच्या ऑफिसात. जुने कपडेच घालून पाठवा, रातांब्याचे डाग निघत नाहीत.