स्टॅट्सचा पेपर: गाइड की जुन्या प्रश्नपत्रिका?

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी स्टॅट्सचा (संख्याशास्त्राचा) पेपर जवळ आला की हाताशी दोनच गोष्टी असतात: सोडवलेल्या उदाहरणांचं गाइड, नाहीतर सिनिअरकडून आलेला जुन्या प्रश्नपत्रिकांचा झेरॉक्स गठ्ठा. मी पहिल्या सेमिस्टरला गाइडवर विसंबलो आणि दुसऱ्याला गठ्ठ्यावर.

गाइडला नावं ठेवणार नाही. सारणीत रकाने कसे पाडायचे, कल्पित मध्य कुठला धरला की आकडेमोड हलकी होते, हे मला गाइडनेच शिकवलं. मीन, मीडियन, मोड, एसडी (प्रमाण विचलन) एवढ्यापुरतं ते पुरतंही.

माझं अडलं ते रिग्रेशनला, म्हणजे समाश्रयणाला, जिथे एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतात. दोन समाश्रयण रेषा देतात आणि सहसंबंध गुणांक (दोन चलांचं नातं किती घट्ट, ते सांगणारा आकडा) विचारतात, तो नेहमीचा प्रश्न. समजा रेषा आहेत ८ एक्स − १० वाय + ६६ = ० आणि ४० एक्स − १८ वाय = २१४. गाइडमध्ये पहिलीच ओळ असते, ‘समजा, पहिली रेषा वायची एक्सवरील आहे.’ म्हणजे एक्सवरून वाय काढणारी, आणि दुसरी वायवरून एक्स काढणारी. मग रेषांचे समाश्रयण गुणांक ०.८ आणि ०.४५, गुणाकार ०.३६, त्याचं वर्गमूळ घ्यायचं, दोन्ही गुणांक धन म्हणून उत्तर ०.६. माझ्या गाइडमधल्या प्रत्येक उदाहरणात ते ‘समजा’ पहिल्याच फटक्यात बरोबर निघायचं. उलटं धरलं तर काय होतं, हे एकदाही सोडवून दाखवलेलं नव्हतं.

परीक्षेत आकडे निराळे होते, पण प्रश्न याच साच्यातला, आणि मी नेमकं उलटं धरलं. वरच्या रेषांना तसं केलं तर गुणाकार २.७८ येतो. तो एकाच्या वर जाऊच शकत नाही. गेला तर रेषांची अदलाबदल करायची, बस. पण मला वाटलं कॅल्क्युलेटरवर चूक झाली. तीन वेळा तीच आकडेमोड केली आणि पंधरा मिनिटं गेली. ती पंधरा मिनिटं मला अजून सलतात, कारण मी अभ्यास केला होता.

गठ्ठ्यात ते ‘समजा’ आपल्यालाच लिहावं लागतं. धड्याचं नावही वर नसतं. २०० नगांत १ टक्का सदोष, एकही सदोष नसण्याची संभाव्यता काढा, असं आलं की द्विपद आणि पॉइसन या दोन संभाव्यता वितरणांपैकी कुठलं लावायचं हे आपणच ठरवायचं. (पॉइसनने ०.१३५३ येतं, द्विपदाने ०.१३४०. नग भरपूर आणि संभाव्यता अगदी कमी असली की पॉइसन का चालतं, ते मला हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर कळलं.)

गठ्ठ्याचा त्रासही आहे. उत्तरं नसतात, झेरॉक्समध्ये दशांशचिन्ह उडालेलं असतं, आणि सिलॅबस बदलला असेल तर काही प्रश्न कामाचे राहत नाहीत. मी आणि माझा मित्र वेगवेगळे बसून सोडवायचो आणि रात्री उत्तरं ताडून बघायचो. असं कुणी सोबतीला नसेल तर कदाचित तुम्हाला गाइडच सोयीचं पडेल. सूत्रंच अजून बसली नसतील तरीही आधी गाइडच.

पण आठवडाच हातात असेल, तर मी पहिले दोन दिवस गाइडला देईन, तेही उत्तराची बाजू कागदाने झाकून. उरलेले दिवस घड्याळ लावून गठ्ठा.